प्रवाळांचं गाव मनीऑर्डरवर चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "फेब्रुवारीत लक्षद्वीपमधल्या कडमतला डायव्हिंग करून आलो. पाणी काचेसारखं. स्वच्छ पाणी म्हणजे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) नाही आणि प्लवक नाही म्हणजे अन्न नाही, असं शिकलोय. मग एवढे मासे तिथे जगतात कशावर? रीफचे, म्हणजे प्रवाळ भिंतींवरचे, मासे खुल्या समुद्रातल्या उत्पादकतेवर अवलंबून असतात असं अलीकडचं संशोधन म्हणतं, ते नेमकं कशावरून? माशाला तर विचारता येत नाही, की बाबा काल काय जेवलास."

माशाला विचारता येतं. त्याच्या मांसाला विचारायचं. मांस खोटं बोलत नाही, ऐकणारे आपण मात्र चुकीचं ऐकू शकतो. मी वीसेक वर्षं हे ऐकण्याचंच काम केलंय आणि चुकीचंही भरपूर ऐकलंय, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी कोकणातलं एक जुनं घर डोळ्यांसमोर आणा. मागे माड-पोफळी, पुढे भाताचा तुकडा, गोठ्यात म्हैस, परसात केळी. पाहणाऱ्याला वाटावं, या घराला बाहेरून फक्त मीठ आणि काडेपेटी आणावी लागत असेल. पण महिन्याच्या दहा तारखेला पोस्टमन आला नाही तर त्या घराचे चेहरे उतरायचे. घर चालायचं लालबाग-परळहून येणाऱ्या मनीऑर्डरवर. प्रवाळ भिंतीचं तसंच आहे. परसबाग खरी आहे, काटकसरही खरी आहे, पण घर त्यावर भागत नाही. मनीऑर्डर येते ती खुल्या समुद्राकडून. आणि आम्ही शास्त्रज्ञ मंडळी कित्येक वर्षं परसबागच मोजत बसलो होतो.

हे कोडं डार्विनच्या नावाने फिरतं. तो एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांवर गेला आणि १८४२ मध्ये त्याने प्रवाळ भिंतींवर पुस्तक काढलं. पण त्याला छळणारा मुख्य प्रश्न होता, ही कंकणाकृती बेटं घडतात कशी. नापीक पाण्यात एवढी सुबत्ता कशी, हे कोडं पुढच्या लोकांनी त्याच्या खात्यावर जमा केलं, आपल्याकडे डोंगरातली सगळी लेणी पांडवांच्या खात्यावर जमा होतात तसं.

मोजमाप सुरू झालं दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तेही अणुबॉम्बच्या कृपेने. मार्शल बेटांमधल्या एनिवेटोकवर १९५२ मध्ये अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्साराचा जीवसृष्टीवर काय परिणाम होतो ते कळायला आधी तिथली जीवसृष्टी चालते कशी हे कळायला हवं, म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर हॉवर्ड आणि यूजीन ओडम हे दोघे भाऊ १९५४ मध्ये तिथे जाऊन राहिले. त्यांची पद्धत साधी आणि सुंदर होती. भिंतीवर येणाऱ्या पाण्यातला प्राणवायू मोजायचा, भिंत ओलांडून गेलेल्या पाण्यातला मोजायचा. दिवसा किती वाढला, रात्री किती घटला, त्यावरून रीफ किती कमावतं आणि किती खर्च करतं ते काढायचं. १९५५ मध्ये त्यांनी हिशेब छापला: जमा आणि खर्च जवळजवळ सारखे. रीफ स्वयंपूर्ण आहे, वाळवंटातलं ओअॅसिस आहे, ही कल्पना तिथून पाठ्यपुस्तकांत गेली आणि तुमच्या-माझ्या वहीत आली.

हिशेब चुकला नव्हता. फक्त त्यातून जे निघत नव्हतं तेही लोकांनी काढलं. घराची एकूण जमा आणि एकूण खर्च जुळला, तरी कुणाच्या ताटातलं कुठून आलं हे त्यातून कळत नाही. शिवाय प्राणवायूच्या हिशेबात मोजली जाते ती मुख्यतः साखर. प्रवाळाच्या अंगात राहणारी शैवालं त्याला उन्हातून साखर करून देतात, भरपूर देतात. पण साखरेवर शरीर बांधलं जात नाही. त्याला नत्र लागतं, स्फुरद लागतं. भात मिळाला, डाळीचं काय? म्हणून तर प्रवाळ रात्री स्पर्शिका पसरून प्राणीप्लवक पकडतो. तो बागायतदार आहे आणि शिकारीही आहे.

आता तुमच्या तर्कातली गंमत. "स्वच्छ पाणी म्हणजे अन्न नाही" हे साचलेल्या पाण्याबद्दल बरोबर आहे. वाहत्या पाण्याबद्दल नाही. साधं गणित करू, आकडे फक्त उदाहरणादाखल घेते. भिंतीचा एक मीटर रुंदीचा तुकडा घ्या, पाणी दहा मीटर खोल, प्रवाह सेकंदाला दहा सेंटीमीटर, म्हणजे तुम्ही पंख न मारता आरामात वाहत जाल इतकाच. या तुकड्यासमोरून सेकंदाला एक घनमीटर पाणी जातं. दिवसाचे ८६,४०० घनमीटर. घनमीटरमागे कोरड्या वजनाचे फक्त पाच मिलीग्रॅम प्राणीप्लवक धरले, म्हणजे डोळ्यांना पाणी रिकामंच दिसेल, तरी दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर कोरडं अन्न एका मीटरच्या दारावरून जातं. रोज. त्यातलं निम्मं जरी अडवता आलं तरी मोठी मिळकत आहे.

वसई-सातपाटीकडच्या कोळ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. डोल जाळं कुणाच्या मागे धावत नाही. प्रवाहाकडे तोंड करून एका जागी उभं राहतं आणि भरती-ओहोटी जे आणेल ते झेलतं. वाऱ्याकडची प्रवाळ भिंत ही एक लांबच लांब डोल आहे. हॅम्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर नेमकं हेच दाखवलं: भिंतीच्या समुद्राकडच्या कड्यावर प्लवक खाणाऱ्या माशांची इतकी दाटी असते की दिवसा येणाऱ्या पाण्यातले मोठे प्लवक भिंतीपर्यंत पोचायच्या आतच गिळले जातात. त्यांनी त्याला तोंडांची भिंत म्हटलं. तुम्ही कडमतच्या कड्यावर पाहिलेले निळे-पिवळे फ्युझिलियर, क्रोमिस, नारिंगी अँथियास आठवा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती ना? ती शोभेची रांग नसते. पंगत बसलेली असते.

हे मासे म्हणजे रीफचे चाकरमानी. दिवसभर कड्याबाहेर निळ्या पाण्यात कमावतात आणि संध्याकाळी परत येऊन प्रवाळाच्या कपारीत झोपतात. कमाई घरी पोचते कशी? सांगायला थोडं अवघड, पण विष्ठेतून आणि मूत्रातून. थव्याखाली बारीक पाऊस पडत असतो, तो खालचे मासे खातात, खेकडे खातात, प्रवाळ झेलतो. माशांच्या कल्ल्यांतून सुटणारं अमोनियाच्या रूपातलं नत्र तर थेट प्रवाळातल्या शैवालाला खत म्हणून मिळतं. याचा एक सुरेख पुरावा १९८३ मध्येच आला होता. कॅरिबियनमध्ये ग्रंट नावाचे मासे रात्री समुद्री गवतात चरतात आणि दिवसा ठराविक प्रवाळांवर थवा करून विसावतात. ज्या प्रवाळांवर ते विसावत, ते प्रवाळ शेजारच्यांपेक्षा जलद वाढत होते. चाकरमानी ज्या घरी उतरतो त्या घराच्या भिंती पक्क्या होतात, तसं. आणि शेवटी चाकरमानीच कुणाच्या तरी पोटात जातो: हेकरू, तांब, गेदर असे शिकारी मासे टपलेले असतातच. मनीऑर्डर घेऊन येणाऱ्यालाच खाऊन टाकायचं, एवढ्यापुरती माझी उपमा कोकणाला लागू होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कशावरून?

पोट फाडून बघणं ही पहिली पद्धत. तिचा उपयोग आहे, पण हेकरूच्या पोटात छोटा मासा सापडला तर त्या छोट्या माशाने काय खाल्लं होतं हे कळत नाही. निम्म्या वेळा पोट रिकामंच असतं. म्हणून समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू. कार्बनचे बहुतेक अणू १२ वस्तुमानाचे, साधारण शंभरात एक १३ चा. खुल्या पाण्यातले वनस्पतीप्लवक आणि तळावर वाढणारी शैवालं कार्बन उचलतात तेव्हा या जड अणूचं प्रमाण दोघांत वेगळं पडतं: प्लवक हलका, तळाची शैवालं सहसा जड. खाणाऱ्याच्या अंगात हे प्रमाण फारसं बदलत नाही. म्हणून मांसातला कार्बन हलक्या बाजूला झुकलेला दिसला तर अन्नसाखळीचं मूळ पाण्यात, जड बाजूला झुकला तर तळावर. नत्राचं जड समस्थानिक मात्र प्रत्येक पायरीला साधारण ३.४ प्रतिहजार इतकं वाढतं, म्हणून त्यावरून मासा साखळीत कितव्या पायरीवर बसलाय ते कळतं.

कागदावर सोपं. प्रत्यक्षात माशाच्या पाठीचं चिमूटभर मांस वाळवायचं, खलात पूड करायची, जेमतेम एक मिलीग्रॅम तोलून मुगाच्या दाण्याएवढ्या टिनच्या कॅप्सूलमध्ये भरून तिची गोळी करायची. पंखा लावायचा नाही, शिंकायचं नाही. एकदा बोटीवरचा फ्रीझर रात्री बंद पडला आणि मी घाबरून निम्मे नमुने फॉर्मेलिनमध्ये बुडवले. निकाल आले तेव्हा त्याच जातीचे, त्याच रीफचे निम्मे मासे अचानक खुल्या समुद्राचे भक्त निघाले. फॉर्मेलिनचा स्वतःचा कार्बन हलका, तो मांसात शिरला होता. चरबीचंही तसंच, चरबीत जड कार्बन कमी असतो. चरबी काढून न टाकलेला किंवा गणिताने दुरुस्त न केलेला मासा खोटाच "समुद्राकडचा" दिसतो. लक्षात घ्या, दोन्ही चुका एकाच बाजूला झुकतात आणि ती बाजू म्हणजे नेमकी आजची फॅशनेबल बाजू. म्हणून असा कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी निष्कर्षाआधी नमुने कसे साठवले ते वाचते. तुम्हीही तसंच करा. आणखी एक, मिश्रणाचं गणित करून "इतके टक्के इथून, इतके तिथून" सांगणारी जी सॉफ्टवेअर आहेत ती कधीच "मला माहीत नाही" म्हणत नाहीत. तुम्ही एखादा अन्नस्रोत यादीत घालायला विसरलात तरी ती बेधडक शंभर टक्के वाटून देतात.

या साध्या पद्धतीची खरी अडचण वेगळीच होती. माशाचं अन्न प्लवकातून आलं हे कळायचं. पण कुठल्या प्लवकातून? अटोलच्या, म्हणजे कंकणाकृती प्रवाळ बेटाच्या, आत रीफच्या आसऱ्याने वाढणारे प्लवकही असतात आणि बाहेरच्या निळ्या समुद्रातून वाहत येणारेही. पहिलं खरं असेल तर ती परसबागच झाली, दुसरं खरं असेल तर मनीऑर्डर. साध्या समस्थानिकांना हा फरक नीट ओळखता येत नाही.

ही गाठ अमिनो आम्लांनी, म्हणजे प्रथिनांच्या घटकांनी, सोडवली. काही अमिनो आम्लं प्राण्यांना स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच जशीच्या तशी घ्यावी लागतात. शैवालं, जीवाणू, वनस्पती ती आपापल्या रासायनिक वाटांनी बनवतात आणि प्रत्येक वाटेचा कार्बनवर वेगळा ठसा उमटतो. हा ठसा प्लवकापासून हेकरूपर्यंत चार पायऱ्या चढला तरी पुसला जात नाही. सोनाराच्या शिक्क्यासारखा. एकेक अमिनो आम्ल वेगळं करून मोजावं लागतं, त्यामुळे काम कितीतरी महाग आणि किचकट, पण जे मिळतं ते मोलाचं.

क्रिस्टिना स्किनर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मालदीवच्या उत्तर माले अटोलवर वापरली आणि २०२१ मध्ये निकाल छापले. चार जातींचे शिकारी मासे, हेकरूच्या आणि तांबच्या कुळातले. काही अटोलच्या बाहेरच्या कड्यावरचे, काही आत लगूनमधले, म्हणजे कंकणाने वेढलेल्या उथळ पाण्यातले. तळाचं अन्न, रीफजवळचे प्लवक आणि दूरच्या समुद्रातले प्लवक हे तिन्ही स्रोत त्यांना वेगळे करता आले. या शिकाऱ्यांच्या अंगातला कार्बन प्रामुख्याने दूरच्या खुल्या समुद्रातला निघाला. मला स्वतःला सर्वात जास्त हलवून गेला तो त्यातला दुसरा भाग: लगूनच्या आतल्या माशांतही तेच. बाहेरच्या कड्यावर समुद्राचा हात दिसणार हे अपेक्षितच होतं, पण आत, शांत हिरव्या पाण्यात, चारी बाजूंनी भिंत असताना? मनीऑर्डर फक्त रस्त्याकाठच्या घरांना येत नव्हती, वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत पोचत होती.

म्हणून सगळीकडे असंच असेल असं मात्र समजू नका. लाल समुद्रात याच पद्धतीने आधी झालेल्या कामात माशाची जात आणि किनाऱ्यापासूनचं अंतर बदललं की स्रोतांची वाटणीही बदलत होती. पोपटमासा तळच खरवडतो, त्याच्या पोटात समुद्र शोधायला जाऊ नये. मालवणच्या रीफलाही हे मालदीवचं गणित जसंच्या तसं लावता येणार नाही. तिथे खाड्यांचं पाणी, गाळ, पावसाळ्यात खालून वर येणारं थंड पाणी, सगळंच हिरवं आणि गढूळ. नापीक पाण्याचं कोडं तिथे पडतच नाही. मालवणपेक्षा आंग्रिया बँक मला जास्त खुणावते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं ते पठार, माथासुद्धा वीसेक मीटर खोल. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे वैज्ञानिक मोहीम गेली होती. चहूबाजूंनी अरबी समुद्र असलेल्या त्या पठारावरच्या माशांचे अमिनो आम्लांचे ठसे काढायला मिळाले तर मी निवृत्ती पुढे ढकलेन.

प्रवाळ स्वतः किती खातो याचा अंदाज उपग्रहावरूनही बांधता येतो, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पॅसिफिकमधली लाइन बेटं विषुववृत्ताच्या आसपास रांगेत पसरलेली आहेत. विषुववृत्तापाशी खोल पाणी वर येतं, समुद्र सुपीक. जसजसं दूर जावं तसा नापीक. मायकेल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की उपग्रहाला जिथे समुद्रात हरितद्रव्य जास्त दिसतं, तिथले प्रवाळ शिकारीवर जास्त जगतात. जिथे कमी, तिथले अंगच्या शैवालावर. अंतराळातून पाण्याचा रंग पाहून खालच्या प्रवाळाचा आहार सांगायचा! पण उपग्रहाला जे दिसत नाही तेही सांगते. उथळ लगूनमध्ये तळाची पांढरी वाळू चमकते आणि रंगाचं गणित कोलमडतं. पावसाळ्यात ढग आड येतात. आणि उष्ण समुद्रात प्लवकाचा सर्वात दाट थर बऱ्याचदा पन्नास ते शंभर मीटर खोल असतो, तो वरून दिसतच नाही. तुमच्या निळ्याशार पाण्याखाली, तुमच्या डायव्हिंगच्या मर्यादेच्याही खाली, एक हिरवं कुरण असतं.

ते कुरण वर कसं येतं? समुद्राच्या पोटातल्या लाटांनी. वरचं उबदार हलकं पाणी आणि खालचं थंड जड पाणी यांच्या सीमेवर लाटा धावतात, पृष्ठभागावर त्यांचा पत्ताही लागत नाही. अंदमानच्या समुद्रातल्या अशा लाटा जगप्रसिद्ध आहेत, दहा-दहा मजली उंचीच्या. बेटाच्या उतारावर आदळल्या की थंड, पोषक पाणी उथळ प्रवाळांपर्यंत उसळतं. अंदमानला डायव्हिंग करताना अचानक पाय गारठून वर येतात ते लोक लाटेला शिव्या देतात. प्रवाळाच्या दृष्टीने पोस्टमन आलेला असतो.

शिवाय बेट स्वतःही समुद्राला सुपीक करतं. डोटी आणि ओगुरी यांनी हवाईच्या ओआहूजवळ १९५६ मध्ये हे प्रथम मांडलं. गोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पॅसिफिकमधली ३५ बेटं-अटोलं तपासली तर ९१ टक्क्यांभोवती समुद्र बाहेरच्यापेक्षा हिरवा, काही ठिकाणी प्लवक ८६ टक्क्यांपर्यंत जास्त. प्रवाह बेटाला अडतो, घुसळण होते, खालचं पाणी वर येतं. लगूनमधून, पक्ष्यांकडून, माणसांकडून काहीबाही पाण्यात मिसळतं. मालदीवमधले मांटा, म्हणजे प्लवक गाळून खाणारे प्रचंड पाकट मासे, याचा फायदा बिनचूक उठवतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यात पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, प्लवक अटोलांच्या पूर्व अंगाला दाटतं आणि मांटाही पूर्वेला जमतात. वारे फिरले की तेही बाजू बदलतात. बा अटोलमधल्या हनिफारूची पावसाळ्यातली मांटांची जत्रा याच हिशेबातली.

पक्ष्यांचं म्हटलं तर, मनीऑर्डर हवेतूनही येते. समुद्रपक्षी शेकडो किलोमीटर दूरच्या पाण्यात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहातल्या काही बेटांवर जुन्या जहाजांतून उंदीर उतरले, त्यांनी अंडी-पिल्लं संपवली. काही बेटं वाचली. निक ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दोन्हींची तुलना केली. उंदीर नसलेल्या बेटांवर पक्ष्यांची दाटी ७६० पट, जमिनीवर पडणारं नत्र २५१ पट, आणि शेजारच्या रीफवर माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त. पक्ष्यांच्या नत्राचा ठसा शेजारच्या रीफवरच्या स्पंजांतही सापडला. कवरत्तीजवळचं पिट्टी हे सुरय पक्ष्यांचं निर्जन वाळूचं बेट मी म्हणून वेगळ्या नजरेने पाहते. पक्षीनिरीक्षकांचं ते तीर्थ, पण आमच्या खात्यात ते खताचं गोदाम आहे.

इथे हमखास एक उलटप्रश्न येतो: मग नत्र इतकं चांगलं, तर रिसॉर्टचं सांडपाणी सोडलं तर बिघडलं कुठे? बिघडतं. खुल्या समुद्राचं अन्न प्रामुख्याने प्राण्यांच्या रूपात येतं, त्यात नत्र-स्फुरद जुळलेलं असतं, ते तोंडात जातं आणि वाहतं राहतं. सांडपाण्याने लगूनसारख्या साचत्या पाण्यात विरघळलेलं नायट्रेट वाढतं, सोबत गाळ आणि रोगजंतू येतात. त्याचा पहिला लाभार्थी प्रवाळ नसतो, त्याच्यावर चढणारं शेवाळ असतं. नायट्रेट वाढून त्या मानाने स्फुरद कमी पडलं तर प्रवाळ उष्णतेत लवकर पांढरे पडतात, म्हणजे अंगातली शैवालं गमावतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. घरी पगार येणं आणि घरात पुराचं पाणी शिरणं, दोन्हीला "आवक" म्हणता येईल, पण म्हणू नये.

आता थोडी अस्वस्थ करणारी गोष्ट. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझार्ड बेटाला चक्रीवादळांनी झोडपलं, मग २०१६ आणि २०१७ मध्ये प्रवाळ पांढरे पडले. मोराइस आणि बेलवूड यांनी २०१९ मध्ये तिथल्या उद्ध्वस्त रीफवर मासे किती वेगाने तयार होतात ते मोजलं, तर त्यातला सुमारे ४१ टक्के वाटा खुल्या पाण्यातल्या अन्नावर चालत होता. घर पडलं तरी मनीऑर्डर येतच राहिली. यात दिलासा आहे, मच्छीमाराला तर आहेच. पण फसवणूकही आहे. पाण्यात उतरून थवे पाहिले आणि "रीफ झकास आहे" असं लिहून मोकळं झालं, तर मेलेल्या प्रवाळाची नोंदच होत नाही. थवे हा समुद्राच्या तब्येतीचा पुरावा आहे, रीफच्या तब्येतीचा तेवढा नाही. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं पांढरं पडणं सोसलं आहे. तिथे तर हा फरक डोक्यात ठेवूनच मासे मोजावेत.

आणि मनीऑर्डर पाठवणारा शहरातला कारखानाच आजारी पडला तर? गिरण्यांचा संप १९८२ चा, पण त्याचा धक्का राजापूर-संगमेश्वरातल्या चुलींनाही बसला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतीप्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटले असावेत. वरचं पाणी तापलं की ते झाकणासारखं बसतं, खालचं पोषक पाणी वर येत नाही. रीफच्या भोवती कितीही कडक संरक्षित क्षेत्र आखलं तरी ही घट नकाशावरच्या रेषेला जुमानत नाही.

व्यवहार एकतर्फी आहे असंही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे कासिम आणि शंकरनारायणन यांनी १९७० मध्येच कवरत्तीच्या रीफवर मोजलं होतं की भिंत स्वतः सेंद्रिय कण पाण्यात सोडते. म्हणजे प्लवक देऊन गेलेलं पाणी पुढे जाताना रीफचा चिकटा, शैवालाचे तुकडे घेऊन जातं. आणि मिनिकॉयचा कुपा पकडणारा मच्छीमार आधी लगूनमध्ये जाऊन बोटभर लांबीचे जिवंत आमिष-मासे जाळ्यात घेतो, मग ते बाहेर खुल्या समुद्रात उधळून काठीने कुपा ओढतो. लगूनमधलं आमिष संपलं तर बाहेर कुपा असूनही बोट बांधून ठेवावी लागते. खुला समुद्र आणि रीफ एकच अर्थव्यवस्था आहे, हे त्यांना आमच्या निबंधांआधी माहीत होतं.

शेवटी तुमच्या फेब्रुवारीबद्दल. गोव्याच्याच संस्थेतल्या शंकर आणि शेटये यांनी १९९७ मध्ये लक्षद्वीपच्या आसपास हिवाळ्यात समुद्राची पातळी उंचावते आणि उन्हाळी मोसमात खालावते त्याची यंत्रणा उलगडली. पाणी उंचावतं तेव्हा वरचा उबदार, नापीक थर जाड होतो आणि कुरण आणखी खोल जातं. म्हणजे डायव्हिंगचा हंगाम, काचेसारख्या पाण्याचा, हा रीफसाठी हात आखडण्याचा काळ. भरभराटीचा काळ पावसाळा, तेव्हा समुद्र खवळलेला, डायव्हिंग बंद आणि बघायला आपल्यापैकी कुणी नाही. नापीक पाण्यातल्या सुबत्तेचं कोडं आपल्याला इतकं मोठं वाटतं, त्याला आपल्या सुट्ट्यांचं वेळापत्रकही थोडं जबाबदार असावं, असं मला वाटतं.

पुढच्या खेपेला पाण्यात उतरल्यावर आधी प्रवाह कुठून येतोय ते पाहा आणि त्या बाजूच्या कड्यावर जा. फ्युझिलियरचा थवा सापडला की त्याच्या खाली, प्रवाळाला हात न लावता, पाच मिनिटं स्थिर थांबा आणि वर पाहा. उन्हाच्या तिरिपीत बारीक कण खाली येताना दिसतील. ते काय आहे हे तुम्हाला आता ठाऊक आहे, तेव्हा तोंडातला रेग्युलेटर घट्ट धरा, आणि ते कण खाली कोण कोण झेलतंय तेवढं मोजून मला कळवा.